टर्मिनलचा फ्लो कंट्रोल आणि पॉसिक्सच्या कसोट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आमचा रविवार सकाळचा एक छोटा अड्डा आहे. आधी पोहे-जिलेबी, मग लॅपटॉप. येणाऱ्यांत काही जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तर काही टेस्टिंगच्या नोकरीत नुकते रुळलेले. ऑपरेटिंग सिस्टिम पॉसिक्स मानकाला (युनिक्ससारख्या सिस्टिमनी कसं वागावं हे ठरवणाऱ्या) धरून वागते का, हे तपासायला बसलं की गाडी हटकून टर्मिनलपाशी अडते, आणि टर्मिनलमध्ये फ्लो कंट्रोलपाशी, म्हणजे मजकुराचा ओघ थांबवण्या-सुरू करण्यापाशी. मग आठवडाभर मोबाइलवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. फंक्शन, फ्लॅग आणि एररची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मॅन्युअल उघडलंत की ओळखू येतील.

१. कंट्रोल-एस चुकून दाबलं आणि टर्मिनल गोठलं. मशीन बिघडलं का?

नाही. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. कंट्रोल-एस हे स्टॉप अक्षर आहे आणि कंट्रोल-क्यू हे स्टार्ट. लिनक्सवर टर्मिनल उघडतं तेव्हा आयएक्सऑन हा फ्लॅग मुळातच चालू असतो, त्यामुळे स्टॉप आलं की आउटपुट थांबतं. तुमचा प्रोग्रॅम मेलेला नसतो. तो चालूच असतो, फक्त त्याचं लिहिलेलं पुढे सरकत नाही, आणि जागा भरली की तोही लिहिता लिहिता थबकतो. गोठलेल्या टर्मिनलवर वैतागून दाबलेल्या कळाही वाया जात नाहीत. आउटपुट सुटलं की त्या सगळ्या एकदम उमटतात, आणि त्यात एखादी फाइल उडवण्याची कमांड असेल तर तीही चालते.

बॅशमध्ये पुढच्या दिशेने शोधायची कळही कंट्रोल-एसच आहे. ती हवी असेल तर एसटीटीवाय कमांडने आयएक्सऑन बंद करून टाका.

२. एक्सऑन-एक्सऑफ ही नावं कुठली?

टेलिटाइपची. १९६३ सालचं मॉडेल ३३ हे यंत्र कागदी पट्टीवरची भोकं वाचायचं, सेकंदाला १० अक्षरं. समोरच्या कॉम्प्युटरला तेवढंही झेपेनासं झालं की तो पट्टीवाचक थांबवायचं अक्षर पाठवायचा आणि मोकळा झाला की सुरू करायचं. आस्कीतलं १९ क्रमांकाचं अक्षर थांबवण्याचं (एक्सऑफ), १७ क्रमांकाचं सुरू करण्याचं (एक्सऑन). हीच आजची कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. पट्टी गेली, यंत्र गेलं, दोन अक्षरं उरली.

३. “मानकाला धरून” म्हणजे नेमकं कोणत्या मानकाला?

पॉसिक्सला, म्हणजे आयईईई १००३.१ ला. पहिली आवृत्ती १९८८ची. १९९० साली तेच आयएसओचं ९९४५-१ झालं. पुढे आवृत्त्या येत गेल्या, ताजी २०२४ची. व्याख्यांच्या खंडातलं ११वं प्रकरण सगळं टर्मिनलवर आहे, आणि टीसीफ्लो, टीसीड्रेन, टीसीफ्लश ही फंक्शनं (त्यांची कामं प्रश्न ५ आणि ६ मध्ये) वेगळ्या खंडात वर्णानुक्रमाने येतात. टेस्ट लिहायची तर दोन्ही शेजारी शेजारी उघडी हवीत. नुसतं फंक्शनचं पान वाचून लिहिलेली टेस्ट अर्धीच असते.

आरटीएस-सीटीएस या तारांवरचा हार्डवेअर फ्लो कंट्रोल मात्र या मानकात नाही. त्यासाठीचा सीआरटीएससीटीएस हा फ्लॅग लिनक्स आणि बीएसडी घराण्यांनी स्वतः घातलेला आहे. तो जरूर तपासा, पण अनुपालनाच्या अहवालात त्याचा निकाल मिसळू नका.

४. आयएक्सऑन आणि आयएक्सऑफ यांत दर वेळी गोंधळ होतो. लक्षात कसं ठेवायचं?

नावंच फसवी आहेत. एक चालू करायचा आणि दुसरा बंद करायचा असं वाटतं, पण ते दोन स्वतंत्र फ्लॅग आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतात.

पंगत डोळ्यासमोर आणा. आयएक्सऑन चालू असताना आपली सिस्टिम वाढपी असते. पानावर बसलेला “पुरे” म्हणाला की वाढणं थांबवायचं. म्हणजे स्टॉप बाहेरून येतं आणि आपलं आउटपुट थांबतं. आयएक्सऑफ चालू असताना आपण पानावर बसलेलो असतो. पान भरत आलं की “पुरे” आपण म्हणायचं. म्हणजे स्टॉप आपली सिस्टिम पाठवते, समोरच्याने थांबावं म्हणून.

टेस्टसाठी यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची: आयएक्सऑन चालू असताना आलेलं स्टॉप किंवा स्टार्ट वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मिळता कामा नये. त्यांचं काम झालं की ती गिळली जातात. आयएक्सऑन बंद असेल तर तीच दोन अक्षरं साध्या अक्षरांसारखी वाचायला मिळाली पाहिजेत. या दोन वेगळ्या टेस्ट आहेत. बरेच जण पहिलीच लिहितात.

आयएक्सएनी हा तिसरा फ्लॅग असेल तर थांबलेलं आउटपुट कोणत्याही अक्षराने सुटतं, स्टार्टच हवं असं नाही.

५. टीसीफ्लोच्या चार क्रिया कोणत्या?

टीसीओ-ऑफ आउटपुट थांबवते, टीसीओ-ऑन ते सुरू करते. टीसीआय-ऑफ समोरच्याला स्टॉप अक्षर पाठवते, टीसीआय-ऑन स्टार्ट पाठवते. पहिल्या दोन आपल्यावर चालतात, पुढच्या दोन म्हणजे समोरच्याला केलेली विनंती. ती विनंती त्याने मानलीच पाहिजे असं मानक म्हणत नाही, आणि म्हणणार तरी कसं? त्यामुळे टीसीआय-ऑफच्या टेस्टमध्ये “योग्य अक्षर बाहेर पडलं का” एवढंच तपासा. “समोरचा थांबला का” हे तपासायला गेलात तर टेस्ट तुमच्याच लिहिलेल्या समोरच्याची होते.

टर्मिनल नव्याने उघडलं की दोन्ही बाजू मोकळ्या असल्या पाहिजेत, हेही मानकात आहे. टेस्ट छोटी आहे, पण बहुतेकांच्या यादीत नसते.

६. टीसीड्रेन आणि टीसीफ्लश कशाला? थांबवणं-सुरू करणं टीसीफ्लोने होतंच की.

टीसीड्रेन लिहिलेलं सगळं बाहेर जाईपर्यंत वाट बघतं. टीसीफ्लश अजून न गेलेलं किंवा न वाचलेलं फेकून देतं. टीसीफ्लो काहीच फेकत नाही, फक्त दार लावतं-उघडतं. तिघांची गाठ कुठे पडते ते प्रश्न १६ मध्ये.

७. माझ्या लॅपटॉपला सिरिअल पोर्टच नाही. टेस्ट करू कशी?

स्यूडो-टर्मिनलवर. पॉसिक्स-ओपनपीटी, ग्रँटपीटी, अनलॉकपीटी, पीटीएसनेम या क्रमाने गेलात की एक जोडी मिळते. एक टोक टर्मिनलसारखं वागतं, दुसरं तुमच्या हातात राहतं. हातातल्या टोकाने स्टॉप अक्षर लिहा, टर्मिनल टोकाचं आउटपुट थांबलं का बघा. तारांचा गुंता नाही आणि बॉड-दराचा (तारेवरच्या वेगाचा) घोळ नाही. सोलारिसच्या वंशात टर्मिनल टोकावर दोन मॉड्यूल हाताने चढवावे लागतात, नाहीतर ते टर्मिनल म्हणून वागतच नाही. तेवढं सोडलं तर कुठेही चालतं.

पण एवढ्यावर “अमुक सिस्टिम अनुरूप आहे” असं लिहून मोकळे होऊ नका. स्यूडो-टर्मिनलला वेग नाही, चिप नाही, आणि रांग ओसंडायची भीतीही नाही. सिरिअल ड्रायव्हर हे पूर्ण वेगळं कोड आहे. तार जोडलेल्या दोन पोर्टांवर तीच टेस्ट चालवली की निराळ्या गोष्टी बाहेर येतात (प्रश्न ९ आणि १०). माझा शिरस्ता असा: रोजच्या धावेला स्यूडो-टर्मिनल, आवृत्ती बाहेर जाण्याआधी तार. तारेबद्दल शेवटचा प्रश्न पाहा.

८. आउटपुट थांबलं हे सिद्ध कसं करायचं? “काही आलं नाही” याला पुरावा काय?

सगळ्यात जास्त टेस्ट इथेच चुकतात. माझीही चुकली होती, ती आधी सांगतो. मी टीसीओ-ऑफ केलं, मग राइट केलं, आणि राइट यशस्वी परतलं तर “थांबलंच नाही” म्हणून फेल नोंदवला. स्यूडो-टर्मिनलवर टेस्ट झकास चालायची, कारण लिनक्सवर थांबवलेल्या स्यूडो-टर्मिनलवरचं राइट खरोखरच अडतं आणि न अडणाऱ्या मोडमध्ये ईअगेन (“आत्ता जमत नाही, पुन्हा बघा”) देतं. तारेवर नेली तर प्रत्येक वेळी फेल. चार दिवस ड्रायव्हरला शिव्या घातल्या. दोष ड्रायव्हरचा नव्हता. राइट यशस्वी झालं म्हणजे अक्षरं सिस्टिमने स्वीकारली, एवढंच मानक सांगतं. ती तारेवर गेली असं कुठेही म्हटलेलं नाही. सिरिअल ड्रायव्हरकडे स्वतःचं बफर आहे, त्याने ती ठेवून घेतली आणि “झालं” सांगितलं. त्यात गैर काहीच नाही.

तेव्हा निवाडा नेहमी दुसऱ्या टोकाला करायचा. माझा आताचा क्रम असा. आधी काहीही न थांबवता थोडी अक्षरं पाठवून ती पलीकडे पोचतात हे पाहतो. हे केलं नाही तर तार निसटलेली असतानाही “थांबलं” म्हणून पास मिळतो. मग थांबवतो, ओळखू येईल असा वेगळा मजकूर लिहितो, आणि पलीकडे पोल लावून ठरलेला वेळ शांतता आहे ना ते बघतो. शेवटी सुरू करतो आणि तोच मजकूर, त्याच क्रमाने, एकही अक्षर न गळता आला का ते तपासतो. हा शेवटचा टप्पा शांततेइतकाच महत्त्वाचा. अक्षरं फेकून देणारी सिस्टिमही शांत असतेच.

किती वेळ थांबायचं? सरधोपट स्लीप टाकू नका. ९६०० बॉडला, ८ डेटा बिट आणि १ स्टॉप बिट धरला तर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. पहिल्या टप्प्यात अक्षरं पोचायला लागलेला वेळ मोजा आणि त्याच्या काही पटीत वाट बघा. मग टेस्ट वेगवान मशीनवर उगाच रेंगाळत नाही आणि मंद मशीनवर खोटं बोलत नाही.

९. तारेवर स्टॉप पाठवल्यानंतरही पंधरा-सोळा अक्षरं येतात. हे फेल ना?

मी फेल देणार नाही. १६५५०ए जातीच्या सिरिअल चिपमध्ये १६ अक्षरांची रांग असते. कर्नलने हात आखडला तरी चिपमध्ये उतरलेली अक्षरं जाणारच. ९६०० बॉडला ती रिकामी व्हायला साधारण १७ मिलिसेकंद लागतात. यूएसबी अडॅप्टर मधे असेल तर त्याचं बफर आणखी मोठं. आउटपुट थांबलं पाहिजे असं मानक म्हणतं, किती अक्षरांच्या आत ते म्हणत नाही.

मग टेस्टमध्ये दोन पायऱ्या ठेवा: आधी ओघळ संपू द्या, नंतर शांतता तपासा. ओघळ संपतच नसेल तर तो खरा फेल.

१०. आयएक्सऑफ चालू केला, धबाधब अक्षरं ओतली, तरी सिस्टिम स्टॉप पाठवतच नाही. किती अक्षरांनंतर पाठवायला हवं?

आकडा नाही. इनपुटची रांग ओसंडू नये म्हणून “गरजेनुसार” स्टॉप पाठवावं, एवढंच मानकाचं म्हणणं. २५५ हा आकडा अनेक जण इथे आणून चिकटवतात. तो मॅक्स-इनपुटची किमान मर्यादा आहे, म्हणजे रांगेत कमीत कमी तेवढी जागा हवी. लिनक्समध्ये ती ४०९६ अक्षरांची आहे. २५६व्या अक्षराला स्टॉप आलं नाही म्हणून फेल देणारी टेस्ट मी पाहिली आहे. ती टेस्ट काढून टाकली.

तुम्ही हे लिनक्सच्या स्यूडो-टर्मिनलवर करत असाल तर स्टॉप येणारच नाही, कितीही ओता. तिथे स्टॉप पाठवण्याचं काम सिरिअल ड्रायव्हर करतो, आणि स्यूडो-टर्मिनलला तसा ड्रायव्हर नाही. वाचणारा मागे पडला की लिहिणाऱ्या टोकालाच अडवलं जातं. मग हे मानकाचं उल्लंघन का? माझ्या मते नाही. रांग ओसंडत नसेल तर “गरज” उद्भवलीच नाही. पण म्हणून पासही देऊ नका. तुम्ही जे तपासायला गेलात ते घडलंच नाही. असा निकाल कसा लिहायचा ते पुढच्या प्रश्नात.

११. पास आणि फेल सोडून बाकीचे निकाल कशासाठी?

खोटं बोलावं लागू नये म्हणून. पॉसिक्सच्या चाचणीपद्धतीचं वेगळं मानक १९९१ साली निघालं, आयईईई १००३.३. त्यात निकालाचे प्रकार आखून दिले. अनरिझॉल्व्ड म्हणजे टेस्ट चालली, पण निवाडा देता आला नाही. उदाहरणार्थ, प्रश्न ८ मधला पहिला टप्पाच पडला. अनसपोर्टेड म्हणजे ती सोय मानकात ऐच्छिक आहे आणि या सिस्टिममध्ये नाही. अनटेस्टेड म्हणजे विधान आहे, पण त्याची टेस्ट लिहिलेलीच नाही किंवा लिहिता येत नाही. प्रश्न १० मधल्या स्यूडो-टर्मिनलसाठी मी अनटेस्टेड लिहितो.

त्याच पद्धतीत मानकाचं प्रत्येक वाक्य सुट्या विधानांत फोडतात आणि त्यांना ए, बी, सी, डी असे वर्ग देतात. ए आणि बी सगळ्या सिस्टिमना लागू, सी आणि डी अटीवर लागू. ए आणि सी तपासलेच पाहिजेत. बी आणि डी तपासणं इतकं अवघड, की सक्ती नाही. “गरजेनुसार स्टॉप पाठवावं” हे बी-छापाचं विधान कसं असतं याचा उत्तम नमुना आहे.

ओपन पॉसिक्स टेस्ट सूटमध्ये हेच निकाल परतीच्या आकड्यांनी देतात: पास ०, फेल १, अनरिझॉल्व्ड २, अनसपोर्टेड ४, अनटेस्टेड ५. आपल्या टेस्टमध्येही तेच आकडे वापरा.

१२. टीसीफ्लोला चुकीची क्रिया देऊन ईइन्व्हॅल (अवैध मूल्याची एरर) तपासायचा आहे. क्रियेच्या जागी ४ दिला तर चालेल?

लिनक्सवर चालेल, मॅकवर तोंडघशी पडाल. लिनक्समध्ये चार क्रियांचे आकडे ० ते ३ आहेत, मॅक आणि फ्रीबीएसडीमध्ये १ ते ४. तिथे ४ म्हणजे टीसीआय-ऑन, अगदी वैध. उणे १ द्या, आणि तो चार नावांपैकी कुणाशी जुळत नाही ना, हे टेस्टमध्येच तपासून घ्या. आकडे मानकात नाहीत, नावंच आहेत.

१३. ईबॅडएफ आणि ईनोटीटीवाय?

सोपे आहेत. ईबॅडएफ म्हणजे फाइल-क्रमांकच चुकीचा, ईनोटीटीवाय म्हणजे ती फाइल टर्मिनल नाही. पहिल्यासाठी फाइल-क्रमांक उणे १, दुसऱ्यासाठी पाइप. एकाच कॉलमध्ये दोन चुका मात्र करू नका. पाइपवर चुकीची क्रिया दिली तर ईनोटीटीवाय यावा की ईइन्व्हॅल? मानकाला दोन्ही चालतात, कारण एकाहून अधिक चुका असतील तर कोणतीही सांगण्याची मुभा आहे.

१४. बॅकग्राउंडमधून टीसीफ्लो केलं तर काय व्हायला हवं? टोस्टॉप बंद असला तरी प्रोसेस थांबते, हा बग आहे का?

बग नाही. टोस्टॉप हा फ्लॅग (बॅकग्राउंडमधून लिहिणाऱ्याला थांबवणारा) फक्त राइटसाठी आहे. टीसीफ्लो, टीसीड्रेन, टीसीफ्लश यांना त्याचं सोयरसुतक नाही. बॅकग्राउंड गटातल्या प्रोसेसने आपल्या कंट्रोलिंग टर्मिनलवर टीसीफ्लो केलं की त्या पूर्ण गटाला सिगटीटीओयू हा थांबवणारा सिग्नल गेला पाहिजे, टोस्टॉप असो वा नसो.

इंदूरकरांना हे सराफ्यावरून पटकन कळतं. दिवसा ओट्यावर सराफाचा हक्क, रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यापुढे खाऊच्या गाड्या. ओटा एकच, एका वेळी हक्क एकाचा. टर्मिनलही तसंच, हक्क फोरग्राउंड गटाचा. दुसऱ्याने मधेच ओट्याला हात लावला की त्याला जागीच थांबवतात.

अपवाद दोन. प्रोसेसने सिगटीटीओयू अडवून ठेवला असेल किंवा दुर्लक्षित केला असेल तर काम होऊ द्यायचं, सिग्नल पाठवायचा नाही. आणि तसं केलेलं नसेल, पण गट अनाथ असेल, तर सिग्नल न पाठवता ईआयओ ही एरर द्यायची. थांबवलं तर त्याला पुन्हा उठवणारं कुणी नाही, म्हणून.

मूळ टेस्ट सरळ आहे: नवी सेशन, तिला स्यूडो-टर्मिनल, एक मूल वेगळ्या गटात. मग वेटपीआयडीने, थांबलेली मुलंही कळवण्याचा पर्याय देऊन, ते सिगटीटीओयूनेच थांबलं का ते पाहायचं. सापळा आहे तो अनाथ गटात. बहुतेक जण सेशनच्या म्होरक्यालाच मारतात, की मूल अनाथ झालं. पण म्होरक्या गेला की त्या सेशनचं कंट्रोलिंग टर्मिनलशी नातंच तुटतं. मग कॉल यशस्वी होवो किंवा ईआयओ येवो, तो निकाल अनाथ गटाचा नसतोच. योग्य रीत अशी: म्होरक्या जिवंत ठेवा. त्याने एक मधली प्रोसेस वेगळ्या गटात काढावी, तिने त्याच गटात मूल काढावं, आणि मग मधलीने निघून जावं. मूल अनाथ, सेशन शाबूत, टर्मिनल जागेवर. आता आलेला ईआयओ खरा.

१५. लिनक्सवर कंट्रोल-एसने थांबवलेलं आउटपुट टीसीओ-ऑनने सुटत नाही. मानक तर म्हणतं थांबलेलं आउटपुट सुरू व्हावं!

निरीक्षण बरोबर आहे. लिनक्स दोन थांबे वेगळे मोजतं. टीसीओ-ऑफने लावलेल्या थांब्याची स्वतंत्र खूण ठेवतं आणि टीसीओ-ऑन फक्त ती खूण असेल तरच हलतं. उलट दिशेनेही तसंच: टीसीओ-ऑफने थांबवलेलं कंट्रोल-क्यूने सुटत नाही. प्रोग्रॅमने लावलेली कडी वापरणाऱ्याने काढू नये आणि वापरणाऱ्याने लावलेली प्रोग्रॅमने, असा त्यामागचा विचार दिसतो.

मानकातलं वाक्य मात्र मोघम आहे. थांबलेलं आउटपुट सुरू करा म्हणतं, कुणी थांबवलेलं ते सांगत नाही. शब्दशः वाचलं तर लिनक्स चुकतं. टीसीओ-ऑफ आणि टीसीओ-ऑन ही जोडी म्हणून वाचलं तर चुकत नाही. मी यावर फेल देत नाही. वेगळी टेस्ट ठेवून निरीक्षण नोंदवतो आणि त्याखाली मानकाचं वाक्य जसंच्या तसं देतो. तुमच्या मुख्य टेस्टमध्ये मात्र ज्या हाताने थांबवलं त्याच हाताने सोडा, म्हणजे निकाल या वादात सापडणार नाही. आयएक्सऑन बंद केला तर कंट्रोल-एसचा थांबा लिनक्सवर सुटतो, टीसीओ-ऑफचा नाही.

१६. काका, माझी टेस्ट अर्ध्या तासापासून अटकून राहिली आहे, मरतही नाही. काय करू?

बहुधा आउटपुट थांबवून तुम्ही टीसीड्रेन केलंत. थांबलेलं बाहेर जाणार नाही आणि टीसीड्रेन बाहेर गेल्याशिवाय परतणार नाही. टीसीसेटअट्रला (टर्मिनलच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या फंक्शनला) “ड्रेन” किंवा “फ्लश” पर्याय दिला तरी हेच, कारण तेही आधी आउटपुट जायची वाट बघतात. दुसऱ्या प्रोसेसमधून टीसीओ-ऑन करा, किंवा टीसीफ्लशने आउटपुट फेकून द्या. पुढच्या वेळी अडू शकणारा प्रत्येक कॉल मूल-प्रोसेसमध्ये ठेवा आणि अलार्म लावा. सिग्नल-हँडलर असेल तर टीसीड्रेन ईआयएनटीआर (सिग्नलने मधेच तोडलं) घेऊन परततं, आणि तीही एक तपासण्याजोगी गोष्ट आहे.

टेस्ट संपताना शेवटी अर्धा मिनिट खोळंबत असेल तर कारण वेगळं. लिनक्सवर सिरिअल पोर्ट बंद करताना उरलेलं बाहेर जायची मुळात ३० सेकंदांपर्यंत वाट बघितली जाते. कंट्रोल-एसने थांबलेला पोर्ट तसाच बंद केलात तर ती सगळी वाट बघून होते. निघताना आउटपुट सोडून निघा.

१७. स्टॉपसाठी दुसरं अक्षर ठरवलं, टीसीसेटअट्र यशस्वी झालं, पण जुनंच अक्षर चालतं. फेल?

आधी टीसीगेटअट्र करून (चालू सेटिंग्ज वाचून) बघा. मागितलेल्या बदलांपैकी एकही करता आला तरी टीसीसेटअट्र यश कळवतं, त्यामुळे वाचून पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. शिवाय स्टार्ट आणि स्टॉप अक्षरं बदलू न देण्याची मुभा मानकाने दिली आहे. अट एकच: जे खरं चालू आहे ते टीसीगेटअट्रने सांगितलं पाहिजे. जुनंच दाखवतं आणि जुनंच चालतं तर सिस्टिम नियमात आहे. नवं दाखवतं आणि जुनं चालतं, तर फेल.

१८. स्टॉप अक्षर रद्द करून टीसीआय-ऑफ केलं तर काय पाठवलं जातं?

लिनक्सवर आणि फ्रीबीएसडीवर काहीच नाही, आणि कॉल यशस्वी परततो. अक्षर रद्द करताना ० हाताने लिहू नका, पॉसिक्स-व्हीडिसेबल हे नाव वापरा. लिनक्सवर त्याची किंमत ० आहे, बीएसडी आणि मॅकवर २५५.

याच कोपऱ्यात आणखी एक फरक दडलाय. आउटपुट आधीच थांबलेलं असताना टीसीआय-ऑफ केलं तर लिनक्स स्टॉप अक्षराला रांग मोडून पुढे काढतं. फ्रीबीएसडी ते साध्या राइटने लिहितं, त्यामुळे ते बाकीच्यांबरोबर अडकतं. दोन्हींपैकी एकच बरोबर, असं ठरवणारं वाक्य मला मानकात सापडलेलं नाही.

१९. पुण्याच्या सर्व्हरवर एसएसएचने टेस्ट चालवते. कंट्रोल-एस इथे अडतं की तिथे?

तिथे. एसएसएच इथलं टर्मिनल कच्च्या मोडमध्ये टाकतं, त्यामुळे कंट्रोल-एस साधं अक्षर म्हणून पुण्याला जातं आणि तिथलं स्यूडो-टर्मिनल थांबतं. वाटेत असलेलं आउटपुट तोवर येत राहतं. टेस्टने स्वतःचं स्यूडो-टर्मिनल उघडलं असेल तर तुमच्या एसएसएचचा काहीच संबंध उरत नाही, आणि तेच बरं. कंटेनरमध्ये तर अनेकदा टर्मिनलच नसतं. मानक इनपुटवर टीसीफ्लो केलं की ईनोटीटीवाय येतो आणि लोक तो सिस्टिमच्या नावे फेल म्हणून लिहितात.

२०. तार कोणती घ्यायची, आणि इंदुरात मिळेल का?

“नल मोडेम केबल” म्हणून मागा. नुसती सिरिअल केबल मागितली तर सरळ जोडणीची देतात आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे बघत बसतात. जेलरोडवर विचारून बघा. नाही मिळाली तर नऊ पिनांचे दोन कनेक्टर घेऊन स्वतः डाग द्या: २ला ३, ३ला २, ५ला ५. एक्सऑन-एक्सऑफसाठी तीन तारा पुरतात. मल्टिमीटर लावून पाहा, मगच कव्हर बसवा.

तीन तारांत कॅरिअरची (समोरचं टोक जोडलेलं आहे हे सांगणारी) तार नाही, म्हणून पोर्ट न अडणाऱ्या मोडमध्ये उघडा आणि सीलोकल (कॅरिअरकडे दुर्लक्ष करायला सांगणारा फ्लॅग) चालू करा, नाहीतर ओपनच परतणार नाही. यूएसबी अडॅप्टर वापरणार असाल तर दोन एकाच जातीचे घ्या. मागच्या महिन्यात एकाने दोन वेगळे आणले होते. स्टॉपनंतरचा ओघळ एका बाजूने मूठभर, दुसऱ्या बाजूने पानभर. दुपारचं जेवण हुकलं.